दुसरं कार्ड

पत्रांच्या घड्या मीच घातल्या. तीनशे बारा.
पाकिटाचा डिंक जिभेला गोडसर लागतो
हे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कळलं;
एरवी आमची बिलं मशीन चिकटवतं.

"एक जानेवारीपासून डॉक्टर ह्रुबी
मेडिकेअरमधून बाहेर पडत आहेत."
वाक्य एवढंच. खाली सही,
पहिला एच नेहमीसारखा,
एकाच पायरीच्या शिडीगत.

चौथ्या दिवशी अर्लीन आली.
नेब्रास्कातला डिसेंबर, धान्याच्या उंच कोठाराला
वळसा घालून येणारा वारा.
तिने हातमोजे दातांनी ओढून काढले
आणि काउंटरवर दोन कार्डं मांडली,
ताटाशेजारी काटा-चमचा ठेवावा तशी.
एक सरकारचं, कागदी, कडा झिजलेलं.
दुसरं पुरवणी विम्याचं.
"पहिलं चालत नाही ना? मग हे घे.
महिन्याला एकशे शहाण्णव भरते याचे.
ड्वेन गेला त्या महिन्यातसुद्धा भरले."

कसं सांगायचं?
गाड्याबरोबर नळ्याची यात्रा असते, अर्लीन.
सरकारने ऐंशी दिले
की तुझं हे कार्ड मागून वीस देतं.
गाडाच जुंपला नाही, तर नळा
वंगणाचा वास घेऊन अंगणात पडून राहतो,
मग तू त्याचे कितीही हप्ते भर.

डॉक्टर अर्धवट आत असता, तरी चाललं असतं.
काही जण मेडिकेअर घेतात
आणि वर पंधरा टक्क्यांपर्यंत लावतात.
तुझ्या कार्डावर जी अक्षर आहे,
ते वरचे पैसेही त्यात भरून निघतात.
माझ्या बहिणीच्या कार्डावर एन.
तिचे खिशातून जातात.
पण आमचे डॉक्टर अर्धवट काही करत नाहीत.

मी कराराचा कागद पुढे सरकवला.
एका भेटीचे एकशे चाळीस.
सरकारकडे मागणार नाही, विम्याकडे मागणार नाही,
इथे सही, इथे तारीख.
"एक सोय आहे," मी म्हणाले,
"सही केली नसलीस आणि अचानक
जिवावर बेतलं, तर दोन्ही कार्डं चालतात."
ती हसली.
"म्हणजे मरायला टेकले तर मी त्याची,
आणि खोकला झाला तर परकी."

तेवढ्यात ते बाहेर आले.
माणूस वाईट नाही.
ड्वेनचे डोळे त्यांनीच मिटवले होते,
रात्री दोनला, बर्फातून स्वतः गाडी हाकत येऊन.
त्या भेटीचं बिल मी पाचदा पाठवलं,
पाचदा ते कुठल्यातरी आकड्यासाठी परत आलं.
सहाव्यांदा त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, फाडलं,
आणि पुढचा पेशंट बोलावला.
हे अर्लीनला माहीत नाही.
मी सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही.

"गुडघा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.
"जपून विचार, एमिल," ती म्हणाली,
"जानेवारीत हा प्रश्न एकशे चाळीसचा होईल."
ते हसले नाहीत.
खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं.

तिने सही केली नाही.
फाईलची प्रत मागितली, सव्वीस वर्षांची.
दोनशे अकरा पानं. मशीन दोनदा अडकलं.
नवा डॉक्टर अडुसष्ट मैलांवर,
दोन्ही कार्डं घेतो,
नवे पेशंट मार्चपासून.
"गुडघ्याला सांगते, मार्चपर्यंत थांब,"
म्हणत तिने तो गरम गठ्ठा
कोटाच्या आत छातीशी धरला,
आणि दार खांद्याने ढकललं.

संध्याकाळी मी यादी पुन्हा तपासली.
नोव्हेंबरात मला पासष्टावं लागेल.
टेबलाच्या खणात एजंटाची दोन पत्रकं आहेत,
जी आणि एन, दोन्हींवर तेच हसणारं जोडपं.
डॉक्टरांना विचारलं, माझं नाव घालू का यादीत?
दिवा मालवता मालवता म्हणाले,
"तुला कशाला पत्र?
तू तर इथलीच."